वाफेचा काटा

इंदू पायगुंडेचं काम काचेचं होतं. काशीसमोर, गंगेपलीकडे, रामनगरच्याही थोडं पुढे, नव्यानं उभ्या राहिलेल्या एका दूध संघात ती केमिस्ट होती. गावोगावच्या दुधाचं फॅट काढायचं, आंबटपणा बघायचा, तापवून थंड केलेल्या दुधाचा नमुना घेऊन ते नीट तापलं आहे की नाही हे तपासायचं आणि खाली सही करायची. परीक्षानळ्या, ब्युरेट, पाण्याचा टब एवढंच तिचं राज्य. "मॅडम, आपका विभाग काँच का, हमारा लोहे का," असं प्लँटचे इन-चार्ज तिवारीजी हसत हसत म्हणत. त्यात टोमणा नव्हता, पण कुंपण होतं.

इंदूला मात्र कुंपणापलीकडे काय चाललंय हे बघितल्याशिवाय चैन पडत नसे. हा तिचा जन्माचा स्वभाव. रामघाटावरच्या त्यांच्या घरी सासरे दिनानाथशास्त्री वेदपाठशाळा चालवत. नवी सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं त्यांना विचारलं होतं, "मामंजी, घनपाठात शब्द उलटसुलट म्हणतात, ते चूक पकडायला की चूक होऊच नये म्हणून?" शास्त्रीबुवा म्हणाले, "हे अजून कुठल्या विद्यार्थ्यानं विचारलं नाही." तेव्हापासून सासरा-सुनेचं चांगलं जमलं. नवरा श्रीराम बँकेत, त्याची बदली गोरखपूरला, तो शनिवारी येई. इंदू रोज सकाळी मैदागिनला टेम्पो पकडून लंका नावाच्या नाक्यापर्यंत येई आणि तिथून पुढे पीप्यांच्या, म्हणजे तरंगत्या लोखंडी पिंपांच्या पुलावरून पलीकडे जाई.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या थंडीतली. थंडीत तिकडे म्हशी दूध भरभरून देतात. कॅननं भरलेले ट्रक फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग लावत. आणि नेमका त्याच वेळी पाश्चरायझर रुसला.

पाश्चरायझर म्हणजे एकापुढे एक उभ्या केलेल्या पोलादी पत्र्यांचा मोठा गठ्ठा. पत्र्याच्या एका बाजूनं दूध वाहतं, दुसऱ्या बाजूनं गरम पाणी. पाण्यात वाफ सोडून ते गरम ठेवायचं, त्या पाण्यानं दूध बहात्तर अंशांच्या वर न्यायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि मग थंड करायचं. दूध जरा जरी कमी तापलं तर एक झडप 'धप्' करून पडते आणि सगळं दूध पुन्हा सुरुवातीच्या टाकीत जातं. कच्चं दूध पुढे जाऊ नये म्हणून ही सोय. सोय चांगलीच, पण ती झडप आता सारखी पडू लागली होती. धप्. दूध मागे. थोड्या वेळानं पुढे. पुन्हा धप्. मधूनच दूध इतकं तापे की त्याला करपट वास येई आणि शहरातून तक्रारी येत.

दूध असं गोल गोल फिरत राहिलं की टाकी रिकामी होत नाही, टाकी रिकामी झाली नाही की ट्रकमधलं दूध उतरत नाही, आणि उन्हात उभ्या कॅनमधलं दूध दुपारपर्यंत फाटायला लागतं. मग तपासून ते परत पाठवायचं काम कुणाचं? इंदूचं. दूध घेऊन आलेली माणसं तिच्याकडे अशी बघत, जणू तिनंच त्यात लिंबू पिळलंय. सकाळी गोड आणलेलं दूध यांच्या दारात उभं राहून आंबलं, आणि आता हेच लोक ते घेत नाहीत. काय उत्तर द्यायचं? ती मान खाली घालून सही करी.

तिवारीजींनी पॅनलवरच्या, वाफ कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरला दोष दिला आणि तो बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला ट्रंककॉल लावला.

काही दिवसांनी इंदू नमुना घ्यायला पाश्चरायझरच्या खोलीत गेली, तर पॅनलमागून दोन पाय बाहेर आलेले दिसले आणि त्यांच्या वरच्या बाजूनं आवाज आला, "च्यायला, हे कुणी आवळलंय?"

इंदूच्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली. कारखान्यात मराठी तिनं कधी ऐकली नव्हती. ती घरातली, घाटावरच्या दहा-वीस घरांतली भाषा.

"इथे शिव्या हिंदीत द्यायची पद्धत आहे," ती म्हणाली.

पाय दचकले. मागून धुळीनं माखलेला, पंचविशीच्या पुढचा एक मुलगा बाहेर आला. "सॉरी, मॅडम. तुम्ही मराठी?"

"रामघाटची. कितव्या पिढीची ते सासऱ्यांना विचारावं लागेल. तुझं नाव काय?"

"बिंदुमाधव जोगळेकर."

"काशीत येऊन बिंदुमाधव!" इंदू हसली. "नाव तर इथल्या देवाचंच घेऊन आलास."

"आजी-आजोबा काशीला आले होते, नवस बोलून गेले. मी पहिल्यांदाच येतोय. देवळात अजून गेलो नाही, थेट या पॅनलमागेच शिरलो."

"आधी जलपान करून घे. माझ्या डब्यात चुडा-मटर आहे."

मटार घातलेले पोहे त्यानं असे खाल्ले, की तो कालपासून उपाशी आहे हे तिला समजलं. कंपनीनं त्याची सोय स्टेशनजवळच्या लॉजमध्ये केली होती. त्याच संध्याकाळी इंदू त्याला रामघाटावर घरी घेऊन आली. शास्त्रीबुवांनी पाठशाळेच्या वरची खोली उघडून दिली.

पुढचे दोन-तीन दिवस बिंदुमाधवनं कंट्रोलर उघडून पुसला, त्यातला हवेचा छोटा भाता बदलला, हवेच्या बारीक नळ्या साफ केल्या. हा कंट्रोलर हवेवर चालणारा. दुधाची उष्णता मोजायची, ती हवी त्यापेक्षा कमी की जास्त ते बघायचं आणि त्याप्रमाणे वाफेच्या व्हॉल्व्हकडे कमी-जास्त दाबाची हवा पाठवायची. व्हॉल्व्ह त्या हवेनं उघडतो, मिटतो. पॅनलच्या काचेआड गोल कागद सावकाश फिरत असतो आणि त्यावर शाईचं पेन दुधाच्या उष्णतेची रेघ काढतं. रेघ गोल फिरली तरी एकसारखी, सरळ यायला हवी. इथे मात्र रेघेला करवतीसारखे दाते पडत होते.

टेबलावर ठेवून तपासला तर कंट्रोलर अगदी शहाणा. लाइनवर चढवला की पुन्हा दाते.

"यंत्रात काही बिघाड नाही," बिंदुमाधवनं शेवटी तिवारीजींना सांगितलं.

"तो क्या दूध में बिघाड है?" तिवारीजी भडकले. "ट्रक देखे हैं बाहर?"

बाहेर आल्यावर इंदूनं त्याला विचारलं, "यंत्र ठीक आहे ना? मग दुधाची उष्णता का हलते?"

बिंदुमाधवच्या ओठावर काहीतरी तयार उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं. "मला माहीत नाही, इंदूताई."

हे उत्तर इंदूला फार आवडलं. तिनं प्रयोगशाळेतलं एक स्टूल उचललं, पॅनलसमोर ठेवलं आणि बसली. "चल, बघू."

रामसूरत यादव हा पाश्चरायझरचा ऑपरेटर. धिप्पाड, मिशाळ, बोलायला मोकळा. मॅडम स्टूल टाकून बसलेल्या बघून त्याला गंमत वाटली. "टीवी लगा है का, मॅडम?" इंदू म्हणाली, "हाँ, तुम भी देखो." मग तिघंही बघू लागले.

दुधाचा काटा स्थिर होता. रेघ सरळ येत होती. मग बाहेर कुठेतरी 'हुश्श' असा लांब आवाज झाला. काटा तसाच. काही क्षण गेले, आणखी काही गेले, आणि काटा खाली झुकू लागला. धप्.

"तो आवाज कसला?" इंदूनं विचारलं.

"कॅन धुएवाली मसीन," रामसूरत म्हणाला. रिकामे कॅन पालथे घालून त्यांत वाफ मारणारं ते यंत्र. दुधाचा हंगाम, म्हणून कॅन जास्त, म्हणून यंत्र सारखं चालू.

इंदू उठली आणि बाहेर गेली. वाफेचा मोठा नळ भिंतीलगत जात होता, त्यावर दाब दाखवणारं एक गोल घड्याळ होतं. ती तिथेच उभी राहिली. यंत्र पुन्हा 'हुश्श' झालं आणि घड्याळाचा काटा लगेच खाली बसला, जणू कुणी त्याच्या डोक्यावर चापट मारली. ती धावत आत आली. दुधाचा काटा अजून निवांत होता.

"बिंदुमाधव! याला अजून खबरच नाही!"

"कशाची?"

"वाफ कमी झाल्याची. बाहेर तर दाब केव्हाचा बसलाय. थांब, आता बघ."

आणि दुधाचा काटा झुकायला लागला.

दोघांनी रामसूरतला सांगून कॅनचं यंत्र थोडा वेळ बंद ठेवायला लावलं. रेघ सुतासारखी सरळ. सुरू केलं, पुन्हा दाते. एवढं साधं! एका बॉयलरची वाफ दोघांना पुरत नव्हती. पण तिवारीजींना सांगितलं तर ते म्हणाले, "कॅन क्या अपने आप धुलेंगे? और नया बॉयलर आपके पिताजी देंगे?" त्यांचंही खरंच होतं.

संध्याकाळी इंदू आणि बिंदुमाधव पीप्यांच्या पुलावरून चालत परतत होते. मागे रामनगरचा किल्ला, खाली संथ पाणी, पायाखाली फळ्यांचा खडखडाट. मध्यावर बिंदुमाधव एकदम थांबला. मागून येणारा सायकलवाला ओरडला.

"इंदूताई, कंट्रोलर चुकत नाही, त्याला उशिरा कळतं. वाफेचा दाब पडला की आधी पाणी निवतं, मग पत्रे, मग दूध, मग दुधातला तापमापक. तेव्हा कुठे याला समजतं आणि हा व्हॉल्व्ह उघडतो. तोपर्यंत कॅनचं यंत्र थांबलेलं असतं, दाब परत आलेला असतो. म्हणजे गरज संपल्यावर जास्त वाफ. दूध करपतं. मग हा घाबरून मिटतो."

"आणि पुन्हा यंत्र सुरू होतं."

"हो! नेहमी मागचं भांडण आज भांडतो."

"मग याला आधी सांगायला कुणी हवं."

"सांगायला नाही," बिंदुमाधव हळूच म्हणाला. "आधीच निस्तरायला. कॉलेजात शिकवलं होतं. कॅस्केड. मी पेपरात लिहिलंय, प्रत्यक्ष कधी बघितलं नाही."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यानं चार्टच्या जुन्या कागदामागे चित्र काढलं. शास्त्रीबुवाही चष्मा लावून पुढे सरकले. दोन कंट्रोलर. पहिला दुधाकडे बघणारा. आतापर्यंत याची हवा सरळ व्हॉल्व्हकडे जात होती. ती नळी काढायची आणि दुसऱ्या कंट्रोलरला जोडायची. दुसरा व्हॉल्व्हच्या जवळच्या कशावर तरी नजर ठेवणार, समजा गरम पाण्यावर. पाणी किती गरम हवं, हे त्याला पहिला सांगणार. तेवढं ठेवायचं कसं, ते दुसरा बघणार, आणि व्हॉल्व्ह फक्त त्याच्याच हातात.

"म्हणजे पहिला व्हॉल्व्हला हात लावणारच नाही?" इंदूनं विचारलं.

"नाही. तो फक्त मागणी करणार. एरवी कंट्रोलरनं किती उष्णता ठेवायची, तो आकडा आपण किल्लीनं लावतो. इथे तो आकडा पहिल्याच्या हवेनं आपोआप सरकत राहील. वाफ पडली तर दुसरा लगेच व्हॉल्व्ह उघडेल. दुधापर्यंत गोष्ट जाणारच नाही."

शास्त्रीबुवांनी चित्रावर बोट ठेवलं. "आज्ञा देणारे दोन झाले," ते म्हणाले. "भांडणार नाहीत का?"

"एक देणारा, एक ऐकणारा आहे, आजोबा."

"ऐकणारा चपळ असला तर. तो जर देणाऱ्याइतकाच मंद असला, तर पहिली आज्ञा पाळेपर्यंत दुसरी येईल. मग दोघेही हैराण."

बिंदुमाधवनं मान डोलावली, पण त्याचं लक्ष नळ्या कुठून वळवायच्या याच्याकडे होतं. इंदूचंही.

सायीच्या लाइनवर तापमानाचा एक कंट्रोलर नुसताच पडून होता, कारण ती लाइन अजून सुरूच झाली नव्हती. दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या हवेनं आकडा सरकवायची सोय त्यात होती. तिवारीजींनी बरीच डोकेफोड केल्यावर परवानगी दिली, एका अटीवर. दुधाला हात लावायचा नाही. लाइन धुण्याच्या वेळी, पाण्यावर काय ते करून बघा.

बिंदुमाधवनं तांब्याच्या नळ्या वळवल्या, जोडल्या, साबणाच्या फेसानं गळती तपासली. इंदू पाने हातात देत होती आणि प्रत्येक नळी कुठून कुठे जाते ते विचारत होती. दोन्ही यंत्रं सुरू झाली. दुसऱ्या कंट्रोलरचा लाल काटा, म्हणजे किती उष्णता ठेवायची ते दाखवणारा, कुणी हात न लावता सरकला. इंदू बघतच राहिली. दुरून कुणीतरी बोट धरून तो हलवावा तसा तो हलत होता.

"बघ, बघ, तो मागतोय!"

मग रामसूरतनं कॅनचं यंत्र सुरू केलं.

पहिल्यांदा सगळं ठीक वाटलं. मग लाल काटा वर चढला, त्याच्यामागून खरी उष्णता दाखवणारा काळा काटा निघाला, तो पोचेपर्यंत लाल उतरला, काळा पुढे निघून गेला, लाल पुन्हा उसळला. कागदावरची रेघ आधी करवतीसारखी होती, आता डोंगरदऱ्यांसारखी झाली. झडप धप्, धप्, धप्. शेवटी रामसूरतनंच हवा बंद केली. दारात उभे राहून तिवारीजी सगळं बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, "कल सुबह दूध पहले जैसा चलना चाहिए."

बिंदुमाधव जमिनीवर बसला. "पेपरात पासष्ट मार्क होते," तो म्हणाला.

"मामंजी म्हणाले तेच झालं," इंदू म्हणाली. "ऐकणारा मंद आहे."

"पाणी दुधाच्या आधी तापतं, इंदूताई. तो मंद कसा असेल?"

इंदू गरम पाण्याच्या नळापाशी गेली आणि दुसऱ्या कंट्रोलरचा तापमापक जिथे बसवला होता तिथे हात लावून पाहिलं. तो थेट पाण्यात नव्हता. नळात तळ बंद असलेली पोलादाची एक जाड बोटभर नळी, म्हणजे तापमापकाची पिशवीच होती, तिच्या आत तो बसला होता, म्हणजे पाणी न सांडता काढता-घालता येईल. तिनं तशीच एक सुटी पिशवी मागून घेतली आणि प्रयोगशाळेत नेली. एका चंचुपात्रात उकळतं पाणी घेतलं. एक थर्मामीटर नुसता बुडवला, दुसरा पिशवीत घालून बुडवला. नुसत्याचा पारा सरसर चढला. पिशवीतला जागेवरच. मग उशिरानं, आळोखेपिळोखे देत वर निघाला.

बिंदुमाधव खाली वाकून बघत होता. "अरे देवा. पाणी चपळ आहे, पण त्याची बातमी बैलगाडीनं येतेय."

"पिशवी काढली तर?"

"काढता येणार नाही, पाणी उडेल. आणि तरी..." तो ताठ उभा राहिला. "आपण पाण्यावर नजर का ठेवतोय? बिघाड पाण्यात होतच नाही! तो वाफेत होतो. व्हॉल्व्हच्या पुढे लगेच वाफेचा दाब मोजला तर? दाबाला ना पिशवी, ना वाट बघणं. तुम्ही बाहेर बघितलं होतं ना, काटा कसा झटकन बसला?"

"चापट मारल्यासारखा."

"दाबाचा कंट्रोलर हवा."

तो होता. तुपाच्या विभागासाठी आलेला, बॉयलरच्या खोलीत खोक्यात भुसा भरून ठेवलेला. विभाग पुढच्या वर्षी होणार होता, असं गेली काही वर्षं सगळे म्हणत होते. प्रश्न तिवारीजींचा होता. त्यांच्या खोलीत इंदू एकटी गेली.

तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. ती चंचुपात्र, गरम पाण्याचा थर्मास आणि दोन थर्मामीटर घेऊनच गेली होती. ते त्यांच्या टेबलावर मांडलं. "सर, आप खुद देखिए, कौन पहले बोलता है."

तिवारीजींनी पाहिलं. मग स्वतः पिशवी काढून पुन्हा घातली आणि पुन्हा पाहिलं. माणूस इंजिनियरच होता, ट्रकांच्या रांगेनं त्याला ते विसरायला लावलं होतं. "ये तो सो रहा है," ते पुटपुटले. मग म्हणाले, "आखिरी बार. और पानी पर."

या वेळी बिंदुमाधवनं घाई केली नाही. मागच्या वेळी त्यानं दोन्ही कंट्रोलर एकदम सुरू केले होते, ही दुसरी चूक त्याला आता समजली होती. पहिला त्यानं हातावर ठेवला, म्हणजे तो काही मागणारच नाही. आधी एकट्या वाफेच्या कंट्रोलरला शिकवलं. त्याचा लाल काटा थोडा वर सरकवायचा, काळा किती चटकन आणि किती न डगमगता तिथे जातो ते बघायचं, स्क्रू थोडा फिरवायचा, पुन्हा बघायचं. कॅनचं यंत्र सुरू करायला लावलं. दाब पडू लागताच व्हॉल्व्हनं मान वर केली, काळा काटा जेमतेम थरथरला आणि जागेवर आला.

"आता?" इंदूनं विचारलं.

"आता मोठ्याला, दुधाकडे बघणाऱ्याला, बसवू. पण त्याला सांगायचं, सावकाश माग. याला पाळायला वेळ दे."

पहिल्याचे स्क्रू त्यानं मंद बाजूला फिरवले आणि लाइन त्याच्या ताब्यात दिली. बाहेर 'हुश्श' झालं. पुन्हा झालं. रामसूरतनं तर मुद्दाम यंत्र सुरू-बंद, सुरू-बंद केलं. वाफेच्या कंट्रोलरकडून व्हॉल्व्हला जाणारी हवा वर-खाली नाचत होती. गोल कागदावरची रेघ मात्र जात होती तशीच जात राहिली. झडप पडलीच नाही. खोली अचानक फार शांत वाटली.

"खराब हो गया का?" रामसूरतनं काच ठोकून बघितली. पेन चालू होतं. मग तो मोठ्यानं हसला आणि बाकीचेही हसले.

दुसऱ्या दिवशी दुधावर लाइन चालली. दुपारपर्यंत फाटकाबाहेर ट्रक उरला नव्हता. इंदूनं त्या दिवशी एकही कॅन परत पाठवला नाही. दूध घेऊन आलेला एक जण तिला सही करताना बघून म्हणाला, "आज बहिनजी खुस हईं." ती खरंच होती.

बिंदुमाधवला निघायच्या आधी ती पंचगंगा घाटावर बिंदुमाधवाच्या देवळात घेऊन गेली. पायऱ्या चढताना तो म्हणाला, "इंदूताई, कॉलेजात वाटायचं दोन कंट्रोलर म्हणजे दुप्पट काम. ते तसं नाहीच. ज्याला उशिरा कळतं त्यानं लांबचं बघावं, आणि ज्याला लगेच कळतं त्यानं जवळचं सांभाळावं."

"आणि ज्याला काहीच कळत नाही त्यानं स्टूल टाकून बसावं," इंदू म्हणाली.

तो गेला. हंगाम सरला, गंगेचं पाणी उतरलं, वाळूत कलिंगडाच्या वाड्या लागल्या. दुधाची रेघ इतकी सरळ येई की पॅनलकडे कुणी बघेनासं झालं. रेघ सरळ म्हणजे सगळं ठीक. पण इंदूचा जाता-येता त्या दुसऱ्या यंत्रापुढे थांबायचा नाद सुटला नाही. वाफेचा काटा तिथे तोच दाब दाखवत असे, दूध तेवढंच तापत असे, पण व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेचं जे छोटं घड्याळ होतं, ते दर आठवड्याला थोडं पुढे दिसू लागलं. तेवढीच वाफ द्यायला व्हॉल्व्हला जास्त जास्त उघडावं लागत होतं. का?

तिनं तिवारीजींना सांगितलं.

"दूध ठीक है?"

"एकदम ठीक."

"तो फिर?"

"सर, दूध ठीक आहे कारण हा मागे ते सांभाळून घेतोय," इंदू बोलता बोलता मराठीत शिरली आणि मग सावरून हिंदीत म्हणाली, पूर्वी एवढी गडबड झाली असती तर रेघेवर दिसली असती. आता हा दुसरा कंट्रोलर ती रेघेपर्यंत येऊ देत नाही. पण व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर त्याच्याकडे उघडायला काय उरेल? मग एका सकाळी सगळं एकदमच कोसळेल.

तिवारीजी उठून पॅनलपाशी आले आणि त्यांनी ते छोटं घड्याळ स्वतः वाचून बघितलं. रविवारी लाइन बंद असताना त्यांनी वाफेचा नळ उघडायला लावला. व्हॉल्व्हच्या अलीकडे वाफेतला कचरा अडवणारी जाळी होती. रामसूरतनं ती उपसून बाहेर काढली, तर गंजाच्या पापुद्र्यांनी आणि पांढऱ्या खड्यांनी ती जवळजवळ बुजलेली. तळहातावर घेऊन त्यानं ती सगळ्यांना दाखवली.

"देखा?" तो म्हणाला. "बेचारा एतना सँकरा रस्ता से भाप खींचत रहल."

साफ जाळी बसवल्यावर हवेचं घड्याळ पुन्हा पूर्वीच्या जागी आलं. त्यानंतर तिवारीजींनी त्या घड्याळाचा आकडा रोज बघायची जबाबदारी इंदूकडे दिली, आणि काच-लोखंडाचं वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

पुण्याला ट्रंककॉल लागला तेव्हा लाइनवर खरखर फार होती. बिंदुमाधव ओरडून विचारत होता, "जाळी? कसली जाळी?" इंदूनं ओरडून सांगितलं. तिकडून खरखरीतून त्याचं हसणं आलं.

फोन ठेवल्यावर ती प्रयोगशाळेत परतली नाही. ते पांढरे खडे कुठून आले, हा प्रश्न तिला छळत होता. वाफ तर स्वच्छ असते. मग बॉयलरमधल्या पाण्यातून काहीतरी तिच्याबरोबर उडून येत असणार. म्हणजे आत पाणी किती उंचीवर ठेवायचं, हे कोण ठरवतं? आणि आत उकळ्या फुटत असताना ती उंची त्याला दिसते तरी कशी?

तिनं पदर खोचला, पाण्याच्या नमुन्यासाठी एक रिकामी बाटली घेतली आणि बॉयलरच्या खोलीकडे निघाली.